माझ्यावाचून झालेली मोहीम

लग्नपत्रिका छापून मी पोट भरलं आणि पत्रकं छापून भांडणं केली. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात माझा छोटा छापखाना आहे. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत आमच्या मंडळाची कचेरी. मंडळाचं नाव ‘मोकळीक’. तरुणपणी आम्ही चार मित्रांनी ते काढलं. त्यातले दोघे आता नाहीत, एक मुलाकडे बडोद्याला असतो. उरलो मी.

मंडळाचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं. सरकारने रस्ता करावा, पाणी द्यावं, चोर पकडावेत. पण माणूस आपल्या अंगणात काय करतो याची उठाठेव करू नये. आपल्या जमिनीत, आपल्या घरात, आपल्या कष्टाने कोणी काही करत असेल आणि दुसऱ्याला त्याचा त्रास नसेल, तर त्याला दहा ठिकाणी परवानगी मागायला लावू नये. हे ऐकायला सोपं वाटतं. पण यावर मी सारी हयात भांडलो आणि अजूनही भांडण संपलेलं नाही.

मोहीम कशी चालवतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, भाषण केलं की झालं. खरं काम त्याच्या आधीचं. ज्याच्यावर अन्याय झालाय असा एक माणूस शोधायचा. नुसता शोधून चालत नाही, तो आपल्या नावानिशी उभा राहायला तयार हवा. त्याच्या ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, त्याच्या बायकोची भीती घालवायची, आणि एक दिवस त्याला सभेत पहिल्या रांगेत आणून बसवायचं. एक चेहरा मिळाला की मोहीम उभी राहते. मी या कामात वाकबगार होतो. लोक म्हणायचे, वामनाने चाय मागितली काय समजूचा, सभा जवळ इली.

उदाहरण म्हणून तात्यांचा फणस सांगतो. तात्या परब हे आमच्या गावच्या वरच्या वाडीतले शेतकरी. त्यांच्या गोठ्यावर एक जुना फणस वाकला होता. तो तोडायची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला. कोणी तरी येऊन झाडाचा घेर मोजून गेलं आणि पुढे काहीच झालं नाही. मग एका वादळी दुपारी फणस आपण होऊन गोठ्यावर आडवा झाला. म्हैस वाचली, गोठा गेला. त्यानंतर तात्यांना नोटीस आली, की विनापरवाना झाड का तोडलं? मी तात्यांना आणि त्या फणसाच्या एका फांदीला टेम्पोत घालून थेट तालुक्याच्या कचेरीत नेलं. “साहेब,” तात्या फांदीकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्येका विचारा, कोणाची परवानगी घेतल्यान ता.” कचेरीतले शिपाईसुद्धा हसले. नोटीस मागे घेतली गेली. माझ्या पत्रकाच्या दोन हजार प्रती गावोगाव गेल्या आणि त्या वर्षी मला कुडाळच्या बाजारातही लोक हाक मारायचे.

तात्यांचं पुढे काय झालं, हे मात्र मी पत्रकात छापलं नाही. त्यानंतर त्या कचेरीत तात्यांचा कुठलाही कागद गेला की तो तळाशीच जायचा. त्यांच्या मुलाने काजू भाजण्याची शेड घालायची ठरवली, तीही रखडली. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुन्हा कधी माझ्या सभेला आले नाहीत. नावानिशी उभं राहण्याची किंमत असते आणि ती मला मोजावी लागत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दुसरी रीत मला माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसरी रीत असेल असं मला वाटतही नव्हतं.

दुसरी रीत गावात आली ती रेजिनाबरोबर. हे तिचं खरं नाव नव्हे, पुढे येणाऱ्या बायकांची नावंही खरी नव्हेत; खरं नाव कोणाचंच घालायचं नाही, या अटीवरच तिने मला हा लेख लिहू दिला. चाळिशीची बाई. गोव्यात एका कंपनीत संगणकांवरची माहिती चोरापासून सांभाळायचं काम करायची. आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडून गावी आली. बोलायला अगदी कमी. सभेत कधी दिसली नाही, मिरवणुकीत तर नाहीच. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या छापखान्यात. पत्रिकांच्या जाड कागदाची कापून उरलेली कात्रणं तिला हवी होती. मी म्हटलं, “घेवन जा गो, कचऱ्यातच जातली ती.” कशाला हवी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, आईच्या औषधांवर वेळा लिहून ठेवायला हवी असतील.

त्याच सुमारास गावच्या पर्यटन समितीने एक फर्मान काढलं. आमच्याकडे आता निम्म्या घरांत एखाद-दुसरी खोली पर्यटकांना दिलेली असते. बाई स्वयंपाक करते, नवरा होडीवर जातो, आणि दोन खोल्यांवर मुलांचं शिक्षण होतं. समितीने ठरवलं, की प्रत्येक घराने आलेल्या पाहुण्याच्या ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्याचा फोटो आणि फोन नंबर एका ॲपवर टाकायचा. शिवाय दारात कॅमेरा बसवायचा आणि तो काय बघतो ते समितीच्या कचेरीत दिसलं पाहिजे. ॲप आणि कॅमेरे समितीच्या ओळखीतला कंत्राटदार देणार. जो ऐकणार नाही त्याला समितीचा नाहरकत दाखला नाही, आणि दाखला नाही तर खोल्या बंद. कारण एकाच शब्दाचं: सुरक्षा.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षांनी माझ्या जोगं भांडण गावात चालून आलं होतं. पोलिसांना दाखवायची पाहुण्यांची वही सगळ्यांकडे असतेच, त्याला कोणाची ना नव्हती. पण कोण कुणाच्या घरी उतरलंय, कुणाबरोबर उतरलंय, किती वाजता ओट्यावर बसलंय, हे समितीच्या चार टाळक्यांनी कचेरीत बसून का बघावं? मी पत्रक लिहिलं. मथळा दिला ‘आमच्या ओट्यावर तुमचा डोळा कशाला?’ माझ्या मते मी लिहिलेला तो सर्वांत चांगला मथळा. सभा ठरवली, मांडव घातला, भोंगा सांगितला.

सभेला चार माणसं आली. त्यातला एक भोंगेवाला आणि एक चहावाला.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकं घेऊन घरोघर निघालो. सुशीलावहिनी खोबरेकरांच्या घरी गेलो, तेव्हा त्या नुकत्याच आलेल्या एका पाहुण्याचं नाव वहीत लिहीत होत्या. त्यांनी त्याचं ओळखपत्र हातात घेतलं आणि त्यावर एक जाड कार्ड ठेवलं. कार्डाला चाकूने नेटकी खिडकी पाडलेली होती. खिडकीतून फक्त फोटो, नाव आणि गाव दिसत होतं. ओळखपत्राचा नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता सगळं झाकलेलं. वहिनींनी नाव-गाव उतरवलं, पाहुण्याकडून फोन नंबर विचारून घेतला आणि ओळखपत्र परत दिलं. पाहुणा हसून म्हणाला, असं मी कुठेच पाहिलं नाही.

मीही पाहिलं नव्हतं. पण ते कार्ड मी ओळखलं. सायीच्या रंगाचा, कडेला सोनेरी रेघेचा तो कागद माझ्याच छापखान्यातला होता.

“वहिनी, ह्या कोणी केल्यान?”

“केल्यान कोणी तरी.” त्यांनी माझं पत्रक घेतलं, त्याची चांगलीशी घडी घातली आणि ते डगमगणाऱ्या माठाखाली सारलं. “तुमी चाय घेतलास काय, काका?”

मी चहा न घेता निघालो. अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पुढच्या घरी तेच कार्ड, त्याच्या पुढच्या घरीही तेच. कोणी कॅमेरा बसवत नव्हतं आणि कोणी ‘नाही’ असंही म्हणत नव्हतं. वायरमन मिळत नाही, भिंत ओली आहे, नवरा होडीवरून आला की बघू. प्रत्येक घरी वेगळं कारण, आणि तरी सगळ्यांची पावलं एकत्र पडत होती. मोहीम चालली होती, नीट चालली होती, आणि ती माझी नव्हती.

मत्सर म्हणजे काय हे मी आजवर लग्नाच्या आणि जमिनीच्या भानगडींत इतरांच्या तोंडावर बघितलं होतं. तो पोटात कसा जाणवतो, ते तेव्हा कळलं. जेवण जाईना. बायको म्हणाली, “पित्त झाला आसतला.” मी सकाळी फिरायला जायची वाट बदलली आणि रेजिनाच्या घरावरून जाऊ लागलो. तिच्या दारात कोणाच्या चपला आहेत, हे जाता जाता बघायचं. निळ्या पट्ट्याच्या सुशीलावहिनींच्या. एक अंगठा तुटलेली चप्पल मच्छी विकणाऱ्या पारूची. माणसाने दुसऱ्याच्या अंगणात डोकावू नये, म्हणून हयात घालवलेला मी चपलांवरून माणसं ओळखत होतो.

आठवड्याभरात दारातल्या चपला नाहीशा झाल्या. बायका त्या आत नेऊ लागल्या होत्या.

शेवटी मी सरळ तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. आत तिची आई खोकत होती. रेजिना ओलं फडकं हातात घेऊन बाहेर आली.

“काका, आज वाट सोडून वर इलास?”

“गावात कायतरी चाललासा. माका सांगूक नाय तुमी.”

“चाललासा,” ती म्हणाली. तिने नाकारलं नाही, याचाही मला राग आला.

मग तिने सांगितलं. सुरुवात सुशीलावहिनींपासून झाली होती. समितीने ॲप आधी दोन-चार घरांवर करून बघितलं, त्यात वहिनींचं घर होतं. कोल्हापूरची एक मुलगी तेव्हा त्यांच्याकडे एकटीच उतरली होती. घरच्यांनी ठरवलेलं लग्न तिला नको होतं आणि चार दिवस समुद्राकडे बघत डोकं शांत करायचं होतं. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे तिचा फोटो आणि नंबर पाठवला. संध्याकाळी तिला गावातल्याच कोणाकोणाचे फोन येऊ लागले. एकटी आहेस का, फिरायला येतेस का. त्यानंतरच्या दिवशी तिचा मामा जीप घेऊन अंगणात उभा राहिला. फोटो कुठून कुठे गेला, कोणी सांगू शकलं नाही. मुलगी रडत जीपमध्ये बसली. “पावणी म्हणान इल्ली,” वहिनी रेजिनाला म्हणाल्या होत्या, “आणि माझ्याच हातान तिका धरून दिलंय.”

हे सगळं ऐकताना मला त्या मुलीची कीव आली, वहिनींची आली. पण त्याच्या जोडीला एक वाक्य डोक्यात वाजत होतं, तेच मी बोललो: “वहिनीन माका कित्याक सांगूक नाय?”

रेजिनाने हातातलं फडकं ओट्याच्या कडेला पिळलं. “काका, राग मानू नकात. तुमका सांगला तर तुमी तिका सभेत आणून बसवतलास. ‘हीच ती बाई’ म्हणान. मगे त्या चेडवाचा नाव पण गावभर झाला असता.”

ती म्हणाली ते खरं होतं. मी तेच केलं असतं.

मग तिने आपली रीत समजावली. फोनवर बायकांचा एक गट होता. त्यातला निरोप पाठवणारीच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणारीच्याच फोनात उघडतो; मध्ये कोणालाही, ॲप बनवणाऱ्यालासुद्धा, तो वाचता येत नाही. आठवडा झाला की निरोप आपोआप पुसला जातो. गटात कोणाचं खरं नाव नाही. कोणी सुरमई, कोणी पेडवो, कोणी मोरी, सगळी माशांची नावं. कोण काय करणार हे ठरतं, पण त्याचा कुठे मागमूस राहत नाही. “पण फोन ही मोठी गजाल नाय,” ती म्हणाली. “मोठी गजाल ही, की गरज नाय ती माहिती जमवूचीच नाय. जा आपल्याकडे नाय, ता आपल्याकडसून कोणी काढून घेवक शकना नाय.”

“आणि पुढारी कोण?” मी विचारलं.

“पुढारी कित्याक होयो?”

मी घरी आलो. माझ्या मंडळाचं सगळं म्हणणं या बाईने माझ्यापेक्षा नीट ओळखलं होतं, आणि तेही मंडळात न येता. माणसाला त्याच्या परीने राहू द्या, असं मी भोंग्यावरून ओरडत होतो. ती ते कार्डाला खिडकी पाडून करत होती. तिचा हेवा वाटला, यात काय नवल? पण मला सर्वांत जास्त हेवा वाटला तो तिला हेवा वाटत नव्हता याचा. कोणी आपलं नाव घ्यावं, अशी तिला इच्छाच नव्हती. ती इच्छा नसलेलं माणूस मी राजकारणात, धर्मकारणात, शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिलेलं नव्हतं.

काही दिवसांनी समितीचे अध्यक्ष माझ्या छापखान्यात आले. आमच्या गावचेच, पण कामाचं बोलायचं असलं की कचेरीतल्या मराठीत बोलतात. “वामनराव, हे डोकं तुमचंच,” खुर्चीवर बसत ते म्हणाले. “एक कॅमेरा लागत नाही म्हणजे काय? सगळ्यांच्या भिंती एकदम ओल्या झाल्या?”

मी यंत्राचा रूळ पुसत राहिलो.

“बायकांचा कसला तरी ग्रुप आहे म्हणतात. नावं सांगा. मी त्यांच्याशी गोडीने बोलतो.”

“मला नावं ठाऊक नाहीत.” सुरमई आणि मोरी ही काही नावं नव्हेत.

“तुमच्याशिवाय गावात हे करणार कोण?”

या वाक्यासाठी मी गेला महिनाभर तळमळत होतो. आणि आलं ते कोणाच्या तोंडून! मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते उठले तेव्हा त्यांची खात्री पटली होती, की सगळ्याच्या मागे मीच आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी आठवलं, की हे खोटं आहे, आणि पित्त परत आलं.

मग सक्तीला गावाचा ठराव हवा म्हणून समितीने विषय ग्रामसभेत आणला. ग्रामसभेत हात वर करावे लागतात, आणि अध्यक्षांसमोर कोण हात वर करणार? पंचायतीतही त्यांचाच शब्द चालतो; घरपट्टी, पाणी, दाखले, सगळ्यांचं काही ना काही त्यांच्याकडे अडकलेलं. सभेच्या आदल्या दिवशी सकाळी रेजिना छापखान्यात आली.

“काका, एक काम आसा. उभ्या रवान बोलूचा आसा. आमच्यात कोणाक जमाचा नाय.”

“आता इली माझी आठवण?”

“तुमका सगळे तसाय वळखतत,” ती शांतपणे म्हणाली. “तुमका लपवण्यासारखा काय नाय.”

हा गौरव होता की टोमणा, मला आजतागायत कळलेलं नाही. पण काय मागायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, आणि ग्रामसभेतल्या चालीरीती मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होत्या, एवढं समाधान मी त्यातून काढलं.

शाळेच्या पडवीत सभा भरली. अध्यक्षांनी कॅमेऱ्यांचे फायदे सांगितले. मी उभा राहिलो. म्हटलं, “विरोध करणारा मी एकटाच आहे असं अध्यक्षांना वाटतं. तसं असेल तर चिठ्ठ्या टाकून ठरवूया. त्यांना भ्यायचं कारण नाही. कोणी कोणाला तोंडावर दुखवायला नको.” अध्यक्ष हसले. पडवी गप्प बसलेली बघून त्यांना आपल्या विजयाची खात्री वाटत होती. त्यांनी हो म्हटलं.

चिठ्ठ्या मी यंत्रावर कापून नेल्या होत्या, सगळ्या सारख्या. पेन्सिलीही सारख्याच, म्हणजे शाईवरून माणूस ओळखू येऊ नये. ही सूचना रेजिनाची. एकेकाने भिंतीमागे जाऊन हो किंवा नाही लिहायचं, दुहेरी घडी घालायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. रेजिना आपला नंबर आल्यावर उठली, चिठ्ठी टाकली आणि आईला औषध द्यायचं म्हणून निघून गेली. निकालासाठीही थांबली नाही.

शाळेच्या बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. होकाराच्या चिठ्ठ्या त्यांच्या एका मुठीत मावल्या. नकाराची रास टेबलावरून खाली घसरू लागली. पडवीत कोणी टाळी वाजवली नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. आपल्या शेजाऱ्याला, नणंदेला, मुलीच्या सासऱ्यालाही हेच वाटत होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. इतकं मोठं दृश्य मी माझ्या कुठल्याच सभेत उभं करू शकलो नव्हतो.

अध्यक्ष माझ्याकडे आले. “जिंकलात, वामनराव.” ॲप आणि कॅमेरे बासनात गेले, पोलिसांसाठी वही तेवढी राहिली. कुडाळच्या एका वार्ताहराने माझा फोटो घेतला आणि पेपरात मला ‘लढ्याचे शिल्पकार’ केलं. बायकोने तो पेपर जपून ठेवला. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला वाटलं, की कोणी दुसऱ्याचा सदरा मला घातलाय आणि तो अंगाला नीट बसतोय.

मी रेजिनाकडे गेलो. म्हटलं, “आता तरी माका त्या गटात घे.”

“गट खंय आसा? मोडलंय तो. काम झाला.”

“मोडलस? एवढो जमवलेलो?”

“मगे काय करू ठेवन?”

माझ्या मंडळाच्या ठराव-बुकांचा ढीग मागच्या खोलीत आहे. शिक्का आहे, पाटी आहे, जिवंत नसलेल्या सभासदांचे फोटो आहेत. आणि या बाईने जिंकलेली मोहीम भाकरीचं पीठ हातावरून झाडावं तशी झाडून टाकली होती. तिची आई पुढे वारली. मला वाटलं ती गोव्याला परत जाईल. मनातल्या मनात तशी थोडी इच्छाही होती. ती गेली नाही.

ती कोल्हापूरची मुलगी आता पुण्यात नोकरी करते, एकटी राहते, सुखात आहे, असा तिचा फोन सुशीलावहिनींना आला. ही बातमी आधी रेजिनाला कळली, मग पारूला, मग गावाला, आणि सर्वांत शेवटी मला. दाढी करताना न्हाव्याने सांगितली.

परवाची गोष्ट. धक्क्यावर गाड्या लावण्यासाठी कोणी तरी नवीन पास काढायला लावतंय, त्यात मालकाचा चेहरा आणि अंगठा द्यायचा आहे, असं कानावर आलं. त्या विचारातच सुशीलावहिनींच्या अंगणात शिरलो. ओट्यावर पाच-सहा बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या, पारू होती, रेजिनाही होती. भरात आलेलं बोलणं मला बघताच थांबलं. कोळंबीची सालं तेवढी टोपलीत पडत राहिली.

“येवा काका,” वहिनी म्हणाल्या. “चाय घेतास?”

“घेतंय तर.”

मी काहीही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. आंब्याचा मोहोर यंदा उशिरा आलाय, एवढंच बोलणं झालं. चहा संपला तेव्हा मी कप पुढे केला आणि आणखी अर्धा मागितला. तो अगदी सावकाश प्यायलो, म्हणजे तेवढा वेळ त्यांना गप्प बसावं लागलं.